विश्लेषण : चर्चला रेडिओ केंद्र चालवता येते का? वायनाडच्या ‘माट्टोली’ची गोष्ट आणि कनेरगाव नाक्यासाठी तिचा अर्थ

केरळच्या वायनाड जिल्ह्यात कॅथलिक धर्मप्रांताच्या समाजसेवी संस्थेने २००९ मध्ये एक छोटे रेडिओ केंद्र सुरू केले. त्यावर शेतीची माहिती मिळते, आदिवासी बोलींमध्ये कार्यक्रम होतात आणि गावातलीच माणसे माइकसमोर बसतात. भारतात धर्माच्या नावावर एफएम वाहिनी मिळत नाही. तरी हे केंद्र नियमांत बसते. ते कसे? मराठी श्रोत्याला ख्रिस्ती कार्यक्रम ऐकण्यासाठी अनेक दशके श्रीलंकेपासून गुआमपर्यंतच्या केंद्रांवर का अवलंबून राहावे लागले? आणि हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाक्यासारख्या गावात असे केंद्र उभे राहू शकते का?

‘रेडिओ माट्टोली’ काय आहे?

‘माट्टोली’ म्हणजे मल्याळममध्ये प्रतिध्वनी. ९०.४ मेगाहर्ट्झवरील हे कम्युनिटी रेडिओ केंद्र १ जून २००९ रोजी मानंतवाडीजवळ सुरू झाले. परवाना ‘वायनाड सोशल सर्व्हिस सोसायटी’च्या नावावर आहे. ही संस्था मानंतवाडीच्या कॅथलिक धर्मप्रांताची समाजसेवी शाखा असून, १९७०च्या दशकापासून शेतकरी, आदिवासी आणि महिला बचत गटांमध्ये काम करते.

वायनाडमध्ये २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १८ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. केरळमध्ये हे प्रमाण सर्वाधिक. पणिया, कुरिच्य, काट्टुनायक्कर अशा समाजांच्या बोली मल्याळमपेक्षा वेगळ्या आहेत आणि मोठ्या वाहिन्यांवर त्या ऐकू येत नव्हत्या. ‘माट्टोली’ने त्या बोलींत कार्यक्रम सुरू केले आणि ते सादर करण्यासाठी त्याच समाजांतील माणसे घेतली. मिरी आणि कॉफीवरचे रोग, पावसाचा अंदाज, आरोग्य, सरकारी योजना, शाळा हे या केंद्राचे रोजचे विषय.

म्हणजे हे केंद्र चालवणारी संस्था ख्रिस्ती आहे. पण केंद्र चर्चच्या प्रवचनांसाठी नाही. भारतातील नियमांची सगळी मेख याच फरकात आहे.

जगात ख्रिस्ती रेडिओची सुरुवात कशी झाली?

रेडिओ आणि चर्च यांची जोडी रेडिओइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ‘केडीकेए’ केंद्राने २ जानेवारी १९२१ रोजी कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील संध्याकाळची उपासना थेट प्रसारित केली. केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. त्याची यंत्रणा खुद्द मार्कोनी यांनी उभारली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी इक्वेडोरची राजधानी किटो येथून ‘एचसीजेबी’ हे मिशनरी केंद्र सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये मनिला येथून ‘फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनी’ने आशियासाठी प्रसारण सुरू केले.

यातील बहुतेक केंद्रे जाहिरातींवर चालत नव्हती. देणग्या आणि मंडळ्यांची मदत हाच त्यांचा आधार. दोन प्रकार मात्र वेगळे होते. एक, गावातले किंवा शहरातले स्थानिक केंद्र. दुसरा, हजारो किलोमीटर लांबच्या देशासाठी प्रसारण करणारे बलाढ्य केंद्र. मराठी श्रोत्याच्या वाट्याला आला तो दुसरा प्रकार.

मराठी श्रोत्यापर्यंत हे कार्यक्रम पोहोचले कसे?

उत्तर लघुलहरींमध्ये, म्हणजे शॉर्टवेव्हमध्ये आहे. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की आवाज तुटतो आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे काही अंतरानंतर त्या डोक्यावरून निघून जातात. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरी मात्र वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांच्या थरावर आपटून पुन्हा जमिनीकडे वळतात. त्यामुळे एका देशातले केंद्र समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात ऐकू येते. रस्त्यावर नाका लावून मालाची गाडी थांबवता येते; लहरींना असा नाका लावता येत नाही.

पहिला मोठा रस्ता कोलंबोहून निघाला. रेडिओ सिलोन आपल्याकडे ‘बिनाका गीतमाला’मुळे लक्षात आहे. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. याच केंद्राच्या व्यापारी सेवेवर पैसे मोजून वेळ विकत घेता येत असे. साबण-टूथपेस्टच्या कंपन्यांप्रमाणे ख्रिस्ती संस्थांनीही तिथे वेळ घेतला.

पुढे या संस्थांनी स्वतःची व्यवस्था उभारली. ब्रिटनमधील ‘फेबा रेडिओ’ने १९७० पासून हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरून प्रसारण केले. तिथे अँटेनाचे मनोरे किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या उथळ पाण्यात उभे केले होते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने लहरी लांब फेकण्यास मदत होते. हे केंद्र २००३ मध्ये बंद झाले. ‘ट्रान्स वर्ल्ड रेडिओ’ने श्रीलंकेतील पुत्तलम येथून ८८२ किलोहर्ट्झवर, ४०० किलोवॉट क्षमतेच्या मध्यम लहरी केंद्रावरून भारतीय भाषांत कार्यक्रम दिले. मध्यम लहरी रात्री लांबवर जातात. त्यामुळे अंधार पडल्यावर साध्या ट्रान्झिस्टरवरही हे प्रसारण पकडता येत असे.

पुण्याचा संबंध काय?

या साखळीतील एक महत्त्वाची कडी पुण्यात होती. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे दक्षिण आशियाचे मुख्यालय अनेक वर्षे पुण्याच्या सॅलिसबरी पार्कमध्ये होते. याच पंथाची ‘अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ’ ही संस्था १९७१ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी मराठीसह अनेक भारतीय भाषांतील कार्यक्रम पुण्याच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत. मात्र ते पुण्यातून हवेत सोडता येत नव्हते. टेप परदेशात जात आणि तिथल्या केंद्रावरून कार्यक्रम परत भारतात येत. आधी श्रीलंका, मग १९८७ पासून पॅसिफिक महासागरातील गुआम बेटावरचे ‘केएसडीए’.

हा प्रवास जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. पुण्यात मराठी माणूस मराठीत बोलतो. त्याचा आवाज हजारो किलोमीटर पूर्वेला जातो. तिथले १०० किलोवॉटचे प्रक्षेपक तो आकाशात फेकतात आणि तो मराठवाड्यातल्या एखाद्या घरात ऐकू येतो.

पुण्याचे नाव रेडिओच्या छंदिष्टांमध्येही गाजले. एड्रियन पीटरसन यांनी पुण्यात असताना दूरच्या केंद्रांचे प्रसारण पकडण्याचा छंद असलेल्यांसाठी ‘रेडिओ मॉनिटर्स इंटरनॅशनल’ हा इंग्रजी कार्यक्रम चालवला. पुढे त्यांचा ‘वेव्हस्कॅन’ जगभर ऐकला गेला. श्रोत्याने वेळ, तारीख, फ्रिक्वेन्सी आणि आवाजाचा दर्जा लिहून पाठवला की केंद्र त्याला ‘क्यूएसएल कार्ड’ पाठवत असे. हे कार्ड म्हणजे ‘तुम्ही आमचेच केंद्र ऐकले’ अशी पोचपावती. अनेकांनी ही कार्डे तिकिटांसारखी जमवली. केंद्रासाठी ती पत्रे म्हणजे आवाज कुठे पोहोचतो आणि कुठे खरखरतो, याचे मोजमाप होते.

या व्यवस्थेत एक गोष्ट नव्हती : स्थानिकपणा. समुद्रापलीकडच्या केंद्राला हिंगोलीत पाऊस पडला की नाही हे कळत नव्हते. श्रोत्याचे पत्र पोहोचायला आणि उत्तर यायला अनेक दिवस जात. प्रश्न गावचा असेल, तर त्याला उत्तर नसे.

मराठी ख्रिस्ती साहित्य असताना वाहिनी का नव्हती?

आशयाची कमतरता कधीच नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरमध्ये (आता अहिल्यानगर) १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजने आणि कीर्तने मराठी संतपरंपरेच्या वळणाने रचली. वसईच्या पट्ट्यात ‘सुवार्ता’ मासिक आहे. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आता धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

छापखाना काढायला परवानगी होती. रेडिओ केंद्र काढायला नव्हती. भारतात १९२७ मध्ये मुंबईतून नियमित प्रसारण करणारी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ खासगी होती. ती बुडाल्यावर १९३० मध्ये सरकारने प्रसारण हाती घेतले आणि ८ जून १९३६ पासून त्याचे नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तारायंत्रणा कायदा यांमुळे प्रसारणाचा हक्क सरकारकडेच राहिला. १९८०च्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायलाही टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागत असे.

ही बंदी फक्त चर्चवर नव्हती. मठ, मशीद, गुरुद्वारा, विद्यापीठ, शेतकरी संघटना, वर्तमानपत्र, कुणालाही स्वतःचे केंद्र काढता येत नव्हते. आकाशवाणी सर्व धर्मांची भक्तिगीते लावत असे, नाताळचे कार्यक्रमही होत. पण कोणते, किती आणि केव्हा, हे आकाशवाणी ठरवत असे.

१९९५च्या निकालाने काय बदलले?

वाद क्रिकेटचा होता. १९९३च्या हिरो कपच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; तिच्यावर सरकारची किंवा कोणा खासगी गटाची मक्तेदारी नको आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, हा त्याचा गाभा.

मात्र याच निकालाने दुसरी बाजूही सांगितली. लहरी मर्यादित आहेत, त्यामुळे त्यांच्या वापरावर बंधने घालता येतात. वर्तमानपत्र कितीही जण काढू शकतात. फ्रिक्वेन्सी कितीही जणांना देता येत नाही. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण त्यासाठी सरकारने फ्रिक्वेन्सी द्यावी, असा हक्क त्यातून आपोआप तयार होत नाही.

खासगी एफएममध्ये धार्मिक संस्थांना मनाई का?

खासगी एफएम वाहिन्यांसाठी २००५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात धार्मिक संस्था आणि त्यांच्या नियंत्रणाखालील कंपन्या अपात्र ठरवल्या गेल्या. राजकीय पक्षांशी संबंधित कंपन्याही अपात्र. तिसऱ्या टप्प्यातही हेच सूत्र राहिले. दूरसंचार नियामक ‘ट्राय’नेही २००८ मध्ये धार्मिक संस्थांना स्वतःची प्रसारण केंद्रे चालवू देऊ नयेत, अशा आशयाची शिफारस केली.

मग टीव्हीवर ‘आस्था’, ‘संस्कार’ यांसारख्या वाहिन्या आणि ख्रिस्ती वाहिन्या कशा दिसतात? कारण त्या उपग्रहामार्फत येतात आणि परवानगी कंपनीला मिळते. केबल किंवा डीटीएचवर शेकडो वाहिन्या मावतात. एफएमला मात्र ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे आणि एकाच शहरात दोन केंद्रांमध्ये अंतर ठेवावे लागते, नाहीतर एकमेकांचे आवाज मिसळतात. जागा थोडी असल्याने ती कोणत्या धर्माला द्यायची, या प्रश्नात सरकारला पडायचे नाही.

कम्युनिटी रेडिओचे दार कसे उघडले?

तिसरा मार्ग २००२च्या डिसेंबरमध्ये खुला झाला. सुरुवातीला फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी होती. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडले ते नोव्हेंबर २००६ मध्ये. तेलंगणातील माचनूर गावात दलित महिला चालवत असलेले ‘संगम रेडिओ’ १५ ऑक्टोबर २००८ रोजी हवेत आले. परवाना नसताना या बायका अनेक वर्षे कार्यक्रम कॅसेटवर भरून गावोगाव ऐकवत होत्या. महाराष्ट्रात म्हसवडचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आणि बारामतीचे ‘वसुंधरा वाहिनी’ ही या वाटेवरची परिचित नावे. पुण्यातील विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ आणि मुंबई विद्यापीठाचे ‘मस्ट रेडिओ’ ही शिक्षणसंस्थांच्या गटातील.

या नियमांतील अपात्रांची यादी बारकाईने वाचण्यासारखी आहे. व्यक्ती, राजकीय पक्ष व त्यांच्या संलग्न संघटना, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था आणि बंदी घातलेल्या संघटना यांना परवाना नाही. खासगी एफएमसारखा ‘धार्मिक संस्था’ हा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. पात्रतेची अट अशी, की संस्था नोंदणीकृत असावी, किमान ३ वर्षे जुनी असावी आणि ठरावीक भागातील लोकांसाठी तिने प्रत्यक्ष काम केलेले असावे.

म्हणून ‘वायनाड सोशल सर्व्हिस सोसायटी’ला परवाना मिळू शकला. जेझुइट संस्थेच्या मंगळूर येथील सेंट अ‍ॅलॉयशियस महाविद्यालयाचे ‘रेडिओ सारंग’ आणि गोव्यात म्हापशाच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ‘व्हॉइस ऑफ झेवियर्स’ ही केंद्रेही चालतात. ही सोय ख्रिस्ती संस्थांपुरती नाही. राजस्थानातील आबू रोडचे ‘रेडिओ मधुबन’ ब्रह्माकुमारी संस्थेचे आहे.

धार्मिक कार्यक्रम अजिबात चालत नाहीत का?

तसे नाही. भजन, भक्तिगीत, सणाची माहिती यांवर बंदी नाही. धार्मिक कार्यक्रम करताना श्रद्धेचा गैरफायदा घेऊ नये आणि दुसऱ्या धर्माच्या किंवा पंथाच्या लोकांच्या भावना दुखावू नयेत, अशी अट आहे. एखाद्या धर्मावर टीका, जातीय तेढ, अंधश्रद्धेला खतपाणी यांना मनाई. निम्म्याहून कमी नाही एवढा आशय स्थानिक असावा लागतो. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम ३ महिने जपून ठेवावा लागतो, म्हणजे तक्रार आली तर तपासता येते. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात.

‘रोगी बरा होईल, फक्त प्रार्थना करा’ असा दावा किंवा ‘तुमचा देव खोटा’ अशी भाषा यांमुळे केंद्राचा परवाना धोक्यात येऊ शकतो, मग ती कोणत्याही धर्माची असो. नाताळची गाणी, रमजानच्या वेळा, पोळ्याची गोष्ट किंवा नामदेवांचे अभंग यांना अडचण नाही.

अमेरिकेत वेगळे काय आहे?

तिथे ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे आणि धार्मिक संस्थाही त्यात केंद्र चालवतात. जानेवारी २००० मध्ये ‘लो पॉवर एफएम’ हा नवा वर्ग तयार झाला. कमाल शक्ती १०० वॉट, जाहिरातींना मनाई. अनेक स्थानिक चर्चनी असे परवाने घेतले. तिथले वीकेंडचे प्रवचन, शाळेचा फुटबॉल सामना आणि वादळाचा इशारा एकाच छोट्या केंद्रावरून ऐकू येतो.

ब्रिटनने मधला मार्ग घेतला. १९९०च्या प्रसारण कायद्याने धार्मिक संस्थांवर बंधने ठेवली, पण स्थानिक परवान्याची वाट मोकळी केली. त्यातून १९९५ मध्ये लंडनमध्ये ‘प्रीमियर’ हे ख्रिस्ती केंद्र सुरू झाले.

भारतातही कम्युनिटी रेडिओची परिणामी शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॉट आणि अँटेनाची कमाल उंची ३० मीटर ठरवलेली आहे. तंत्र जवळपास सारखे आहे. फरक एवढाच, की अमेरिका विचारते ‘तुम्ही नफा कमावणार नाही ना?’ भारत त्याच्या पुढे जाऊन विचारतो ‘तुम्ही कोणत्या गावासाठी बोलणार?’

कनेरगाव नाक्यावर असे केंद्र निघू शकते का?

नियम पाहता, हो. १०० वॉटचे केंद्र साधारण १० ते १५ किलोमीटरच्या परिसरात ऐकू येते. कनेरगाव नाका हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्हा केंद्रांच्या मध्ये, पैनगंगेच्या पट्ट्यात आहे. रस्ता आहे, पूर्णा-अकोला मार्गावरचे रेल्वे स्थानक आहे. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरचे गाव असल्याने दोन्हीकडच्या बाजारांशी व्यवहार. मोठ्या शहरांच्या वाहिन्या अशा सीमेवरच्या गावांसाठी कार्यक्रम करत नाहीत. १३०५ किलोहर्ट्झवरील परभणी आकाशवाणी आहे, पण तिचे क्षेत्र कित्येक तालुक्यांचे.

ऐकवण्यासारखे इथे बरेच आहे. हिंगोली जिल्हा हळदीच्या बाजारासाठी ओळखला जातो. तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्रांनाही कम्युनिटी रेडिओचा परवाना मिळतो. संत नामदेवांचे नर्सी याच जिल्ह्यात. जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींची गावे आहेत. त्यांच्या बोली रेडिओवर क्वचितच ऐकू येतात. वायनाडमध्ये पणिया बोलीचे जे झाले, ते इथे बंजारा बोलीचे होऊ शकते.

शिवाय भूकंपाचे धक्के. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा सकाळी मोबाइलवर आधी अफवा पोहोचते. ‘आणखी मोठा धक्का येणार’ असे संदेश फिरतात आणि लोक घराबाहेर बसून राहतात. मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी एका छोट्या केंद्रावरून, ओळखीच्या आवाजात, प्रशासनाची खात्रीची सूचना सांगता येते. स्थानिक रेडिओची खरी किंमत अशा वेळी कळते.

हे केंद्र ख्रिस्ती संस्थेचे असू शकेल का? कायदा संस्थेचा धर्म विचारत नाही, तिचे काम विचारतो. परिसरात ३ वर्षे शाळा, दवाखाना, बचत गट किंवा शेतीचे काम केलेली कोणतीही नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. ख्रिस्ती संस्था, वारकरी मंडळींचा न्यास किंवा मुस्लीम शिक्षणसंस्था, नियम सगळ्यांना तोच. मात्र परवाना मिळाल्यावर ते केंद्र एका मंडळीचे राहत नाही. २०२४च्या सुधारित नियमांनुसार सल्लागार व आशय समिती नेमावी लागते आणि तिच्यात निम्म्या महिला असाव्या लागतात.

पैसा कुठून येणार?

अडचण इथे आहे. परवाना मिळवणे लांबलचक काम आहे. मंत्रालयाची छाननी, इरादापत्र, वायरलेस विभागाकडून फ्रिक्वेन्सी, मग करार. केंद्र सुरू झाल्यावर वीज, दुरुस्ती आणि दोन-चार माणसांचे मानधन दर महिन्याला लागते. २०१२ मध्ये फ्रिक्वेन्सीचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपये करण्यात आले, तेव्हा छोट्या केंद्रांनी विरोध केला आणि वाढ मागे घ्यावी लागली. एवढी रक्कमही या केंद्रांना जड जाते, हे त्यातून दिसले.

फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी थोडी मोकळीक दिली. पहिल्या परवान्याची मुदत १० वर्षे झाली. जाहिरातींचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे झाला आणि सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ७४ रुपये ठरला. यंत्रसामग्रीसाठी सरकारी अनुदानाची योजनाही आहे. परदेशातून देणगी घ्यायची असेल, तर संस्थेला परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. त्यामुळे लघुलहरींच्या काळासारखा बाहेरच्या पैशावर चालणारा रेडिओ इथे सहज शक्य नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात ४८१ कम्युनिटी रेडिओ केंद्रे होती. देशातील गावांच्या संख्येपुढे ही संख्या अगदी लहान आहे.

मोबाइल असताना रेडिओची गरज उरली का?

लघुलहरींचे दिवस सरत आले आहेत. बीबीसीने हिंदी सेवेचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबवले. ख्रिस्ती संस्थांचे मराठी कार्यक्रमही आता पॉडकास्ट आणि अ‍ॅपवर मिळतात. इंटरनेटवर ऐकवण्यासाठी फ्रिक्वेन्सीचा परवाना लागत नाही. एखाद्या चर्चला फक्त आपल्या मंडळीशी बोलायचे असेल, तर त्याला रेडिओ केंद्राची गरजच उरलेली नाही.

गरज उरते ती गावाला. अ‍ॅप ज्याला हवे तो शोधतो, रेडिओ मात्र शेतात, टपरीवर, ऑटोत आपोआप कानावर पडतो आणि त्याला डेटा लागत नाही. ‘माट्टोली’ १५ वर्षांहून अधिक काळ टिकले ते संस्था ख्रिस्ती होती म्हणून नाही, तर मिरीचा भाव आणि पणिया बोली या दोन्हींना त्याने जागा दिली म्हणून. कनेरगाव नाक्याला किंवा अशाच दुसऱ्या गावाला हे करायचे असेल, तर पहिला कागद चर्चचा, मंदिराचा किंवा मशिदीचा लागणार नाही. लागेल तो परिसरातल्या ३ वर्षांच्या कामाचा हिशेब. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर ऑनलाइन करता येतो.